मामू, कार्ड घ्यायचंय!
(आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्रावरील भाषणाचा संपादित अंश)

मी कवितेतला माणूस. बी.ए. झालो तेही मराठी विषय घेऊन. घरातला दिवा गेला तर फ्यूज कुठे असतो हे बायको मला सांगते. तरीही आज मी तुमच्याशी संगणकातल्या एका पाटीबद्दल बोलणार आहे. तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. त्या पाटीनं मला एकदा चांगलंच खजील केलं होतं, आणि तेव्हा जे शिकलो ते इतरांच्या उपयोगी पडावं एवढाच हेतू.

माझी बहीण दिग्रसला असते. दुल्हेभाईंचं गाद्या-रजया भरण्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. तिचा मुलगा बी.सी.ए.ला आहे. एकदा तो यवतमाळला आला आणि म्हणाला, "मामू, कार्ड घ्यायचंय." मला वाटलं रेशनकार्ड, नाहीतर एटीएमचं. तो हसला. त्याला संगणकावर गेम खेळायचे होते आणि त्यासाठी हे कार्ड लागतं म्हणाला. संगणक त्याच्याकडे होता. एका कार्यालयातून निकाली निघालेला, सेकंडहँड, पण चांगला. पैसे होते साडेचार हजार. दोन-तीन वर्षांची ईदी आणि सुट्टीत दुकानात बसल्याचे बापानं दिलेले पैसे.

आता खरं म्हणजे मी तिथंच हात जोडायला हवे होते. पण मामा झालं की सगळं कळतं असं दाखवावं लागतं. मी त्याला एका मोठ्या शहरातल्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदार माझ्या थोड्या ओळखीचा होता. त्याला हवा असलेला गेम होता 'रेड डेड रिडेम्प्शन २'. घोडे, डोंगर, जंगल, बर्फ, असा सगळा मोठा पसारा. गेमच्या अटींमध्ये लिहिलं होतं की कार्डाची मेमरी किमान २ जीबी हवी. दुकानदारानं ४ जीबीचं कार्ड काढून दिलं. दुप्पट! मीच भाच्याला म्हणालो, "घे. २ मागितले, ४ मिळताहेत." पावती कच्ची होती. ओळखीचा माणूस, पक्कं बिल काय मागायचं, हेही माझंच म्हणणं.

घरी नेऊन लावलं. गेम सुरू तर झाला, पण घोडा चालताना दर पावलाला थबकायचा, जणू त्याला रस्ता आठवत नव्हता. परत गेलो. "कार्ड चालू आहे, तुमचा संगणक कमी पडतो," असं उत्तर मिळालं. कार्ड परत घेतलं नाही. पोरानं मला एका शब्दानं बोललं नाही. ते जास्त लागलं. तिथून मी या विषयाच्या मागे लागलो.

पहिली गोष्ट, हे कार्ड करतं काय? संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६००. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो आणि आपल्या डोळ्याला ते चालतं. गेममध्ये मात्र आपण बटण दाबल्याबरोबर चित्र बदलावं लागतं, म्हणून सेकंदाला ६० चित्रं असावीत अशी अपेक्षा असते. म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपक्यांचा रंग ठरवायचा. कुठे ऊन, कुठे सावली, पाण्यात काय दिसतं, सगळं. आणि सिनेमासारखं ते आधी चित्रित करून ठेवलेलं नसतं. खेळणारा डावीकडे वळेल की उजवीकडे, हे आधी कुणाला ठाऊक?

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण तो एकटा किंवा चार-सहा जणांचा. आपल्याकडे कापूस फुटला की काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. एक पैलवान गडी वावरात सोडला तर तो कितीही ताकदीचा असो, वेचणी व्हायची नाही. तिथं पंचवीस-तीस बाया लागतात. एकेकीनं एकेक तास धरायचं आणि पुढे जायचं. काम सोपं, पण एकाच वेळी अनेक हातांनी व्हायला हवं. ग्राफिक्स कार्डात असे शेकडो-हजारो लहान गणक असतात. एकेक गणक फार हुशार नसतो, पण सगळे मिळून वावर संध्याकाळच्या आत साफ करतात. कार्डाच्या माहितीत 'कोअर' म्हणून जो आकडा देतात, तो या वेचणाऱ्या हातांचा.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला, तोही अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपूनच. १९९९ मध्ये एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीनं 'जीफोर्स २५६' हे कार्ड आणलं आणि 'जीपीयू' हा शब्द बाजारात रुजवला. पुढे चक्र असं फिरलं की २०२० साली सी-डॅकनं जो 'परम सिद्धी-एआय' उभा केला, त्यात याच एन्व्हिडियाचे जीपीयू आहेत. पोरांच्या खेळासाठी निघालेलं यंत्र संशोधकांच्या कामाला लागलं. गेम म्हणजे वाया गेलेला वेळ असं मानणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनी हे ऐकून ठेवायला हरकत नाही. रात्र-रात्र मुशायरे ऐकतो म्हणून माझ्या वडिलांनीही मला वाया गेलेलाच ठरवला होता.

आता माझ्या फसगतीकडे येऊ. आम्ही घेतलेलं कार्ड होतं 'जीटी ७३०'. गेमनं मागितलेलं होतं 'जीटीएक्स ७७०'. मला दोन्ही आकडे सख्ख्या भावांसारखे वाटले. पण या आकड्यांना व्याकरण आहे. ७३० मध्ये ७ हे घराणं आणि ३० हा दर्जा. ३० म्हणजे अगदी तळाचा, कार्यालयात पत्रं टाइप करायला पुरेल असा. ५० पासून खेळाची सुरुवात, ६० म्हणजे मध्यम, ७० आणि ८० म्हणजे श्रीमंतांचं. पुढच्या कार्डांत आकडे चार झाले, पण रीत तीच राहिली. ३०५० मध्ये ३० घराणं, ५० दर्जा. ४०६० मध्ये ४० घराणं, ६० दर्जा. एएमडी या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या 'आरएक्स ६६००' मध्ये पहिला ६ घराण्याचा आणि दुसरा ६ दर्जाचा. २०२५ साली त्यांनी 'आरएक्स ९०६०' आणून नाव ठेवायची रीतच बदलली. कवींनी टोपणनावं बदलावीत तसा हा प्रकार, त्याला इलाज नाही.

पण मग ४ जीबीचं काय? मेमरी तर दुप्पट होती! इथं मला माझ्या एका शेतकरी मित्राचं बोलणं आठवलं. तो म्हणायचा, विहीर किती खोल आहे ते मला सांगू नका, पाईप किती इंची आहे ते सांगा. जीबी म्हणजे विहीर. विहिरीतून गणकांपर्यंत सेकंदाला किती पाणी येतं त्याला 'बँडविड्थ' म्हणतात. जीटीएक्स ७७० ची विहीर २ जीबीची, पण तिचा पाईप सेकंदाला २२४ जीबी ओढतो. आमच्या कार्डात जुन्या पद्धतीची डीडीआर-३ मेमरी होती आणि तिचा पाईप सेकंदाला १४.४ जीबीचा. काढा हिशेब. शिवाय वेचणारे हात तिकडे १५३६ आणि इकडे ३८४. भरलेल्या विहिरीवर आम्ही पिचकारी लावून बसलो होतो.

ही एवढी एकच चलाखी असती तरी बरं होतं. 'जीटी १०३०' हे कार्ड २०१७ मध्ये आलं तेव्हा त्यात वेगवान मेमरी होती, सेकंदाला ४८ जीबीची. २०१८ मध्ये त्याच नावानं दुसरं आलं, त्यात साधी डीडीआर-४ मेमरी आणि वेग १६.८. नाव तेच, पाईप साधारण तिसऱ्या हिश्शाचा. 'जीटीएक्स १०६०' हे ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन रूपांत मिळायचं. कुणालाही वाटेल की फरक मेमरीचाच. पण ३ जीबीच्या कार्डात गणकही कमी होते, १२८० ऐवजी ११५२. तेव्हा दुकानात 'किती जीबी?' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी कार्डाचं पूर्ण नाव विचारा, मग मेमरी कोणत्या जातीची ते विचारा. डीडीआर-३ किंवा डीडीआर-४ म्हणाले तर नमस्कार करून बाहेर पडा. नावाच्या सुरुवातीला 'जी' असलेली, म्हणजे जीडीडीआर-५ किंवा जीडीडीआर-६ हवी.

याचा अर्थ विहिरीला किंमतच नाही असा मात्र घेऊ नका. गेममधल्या भिंती, झाडं, चेहरे यांचे जे पोत असतात ते या मेमरीत उतरवून ठेवावे लागतात. ती भरली की कार्ड संगणकाच्या साध्या मेमरीकडे धावतं आणि चित्र अडखळतं. गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या गेमना ४ जीबी अपुरे पडतात. ६ जीबीत तडजोड करून चालतं, ८ असतील तर बरं.

कार्ड घेण्याआधी पडदा मोजा, हेही मला उशिरा सुचलं. तुमच्याकडे १३६६ बाय ७६८ चा जुना मॉनिटर असेल तर ठिपके साधारण निम्मेच आहेत, आणि कार्डावरचा भारही तेवढा हलका होतो. ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या पडद्यावर ठिपके चौपट असतात. कमी पैशांच्या माणसानं तिकडे फिरकू नये. आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या मॉनिटरला मागे निळ्या रंगाचा व्हीजीए प्लग असतो. नव्या कार्डांना ती जागाच नसते. तेव्हा एक लहानसा कन्व्हर्टर लागतो. तो स्वस्तात मिळतो, पण रात्री नऊ वाजता दिग्रसमध्ये मिळत नाही.

आता बैलजोडी. गवळाऊ जातीचा तरणा बैल आणि त्याच्या शेजारी थकलेला म्हातारा बैल जुंपला तर वखर कसा चालेल? म्हाताऱ्याच्या चालीनं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचं असंच. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या संगणकात महागडं कार्ड घातलं तर कार्ड रिकामं बसून राहतं. भाच्याच्या संगणकात इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ होता. ही जोडी मध्यम कार्डाशी जमण्यासारखी होती. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढची लागते. त्यापेक्षा जुना संगणक असेल तर कार्डावर मोठा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

पण आमची खरी अडचण निघाली वेगळ्याच ठिकाणी. संगणकाच्या आत एक पत्र्याचा डबा असतो, तो घरातली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवतो. त्याला पॉवर सप्लाय, बोलीभाषेत एसएमपीएस म्हणतात. ग्राफिक्स कार्डाला ज्या खाचेत बसवतात ती खाच ७५ वॅटपर्यंत वीज देते. त्यापेक्षा जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. दुसऱ्या खेपेला भाच्यानं दिवाळीपर्यंत वीस हजार जमवले, ते २०२४ साल. त्यासाठी त्यानं वर्षभर संध्याकाळी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम केलं होतं. त्याचं मन होतं आरएक्स ६६०० वर. कार्ड उत्तम. ८ जीबी, १३२ वॅट, आठ पिनांची एक वायर. पण कार्यालयातून आलेल्या त्याच्या संगणकाचा एसएमपीएस २६० वॅटचा आणि त्यात ती वायरच नव्हती. बरं, बदलून टाकावा म्हटलं तर अशा मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत जोडणीचे प्लग बहुधा त्यांचे स्वतःचे असतात, बाजारातला डबा त्यात बसत नाही. मग मदरबोर्ड बदला, कॅबिनेट बदला. म्हणजे घोड्याची नाल सापडली म्हणून घोडा घ्यायला निघण्यातला प्रकार.

काही जण म्हणतात, वायरीला जोड देऊन भागतं. कृपा करून असं करू नका. साध्या बिनानावाच्या एसएमपीएसवर '५०० वॅट' छापलेलं असतं, पण छापण्याला कोण अडवतो? त्या डब्यावर '८० प्लस' हा शिक्का आहे का आणि बनवणारा नावाजलेला आहे का ते बघावं. कार्ड जळलं तर एक वस्तू जाते. एसएमपीएस वाईट रीतीनं जळला तर तो सोबत संगणकातल्या आणखी दोन-चार वस्तू घेऊन जाऊ शकतो. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, जुन्या घरांत अर्थिंग नसतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा, कार्ड नंतर. आणि घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो साधारण ३६० वॅटचाच भार उचलतो. लाइट गेल्यावर गेम नीट बंद करायला तो पुरेल, डाव पूर्ण करायला नाही.

वापरलेलं कार्ड घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. २०२१ साली 'क्रिप्टो' चलनाच्या मागे लागून लोकांनी जगभर ग्राफिक्स कार्डं पळवली, किमती दुप्पट झाल्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनानं आपली पद्धत बदलली आणि ती कार्डं एका दिवसात बेकार झाली. त्यातली पुष्कळ जुन्या बाजारात आली. अहोरात्र राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचे पंखे थकलेले असतात आणि आतलं उष्णता वाहून नेणारं लेपण सुकलेलं असतं. घ्यायचंच तर विकणाऱ्याच्या संगणकावर अर्धा तास गेम चालवून बघा. 'जीपीयू-झेड' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कार्डात खरोखर किती गणक आहेत ते सांगतं. 'आरएक्स ५८०' या लोकप्रिय कार्डात २३०४ गणक असतात. त्याच नावाचा चीनच्या बाजारासाठी काढलेला एक प्रकार २०४८ गणकांचा आहे, तो आपल्याकडेही खऱ्याच्या नावानं खपतो. शिवाय या जुन्या कार्डांचं वय झालं आहे. एन्व्हिडियानं १०५०, १०६० या घराण्यासाठी नव्या गेमची सॉफ्टवेअर सुधारणा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबवली, आता फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या येतात. आणि 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा 'डूम: द डार्क एजेस' यांसारखे नवे गेम 'रे ट्रेसिंग' म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढणारी यंत्रणा कार्डात नसेल तर सुरूच होत नाहीत. आरएक्स ५८० आणि जीटीएक्स १६५० मध्ये ती नाही.

नव्या मालातही खड्डे आहेतच. 'आरएक्स ६५०० एक्सटी' आकड्यानं बरं वाटतं, पण ४ जीबीचं, आणि मदरबोर्डाशी बोलण्याची त्याची वाट इतकी अरुंद की थोड्या जुन्या संगणकात ते आणखी मंदावतं. इंटेलचं 'आर्क बी-५८०' डिसेंबर २०२४ मध्ये आलं, १२ जीबी मेमरी, किंमत मानानं कमी. नव्या संगणकाला छान. मात्र त्याला 'रिसायझेबल बार' नावाची सोय मदरबोर्डात लागते, ती नसेल तर त्याची बरीच ताकद वाया जाते.

आणि कुणाकुणाला कार्ड लागतच नाही, हे दुकानदार सांगणार नाही म्हणून मी सांगतो. पोरगं 'व्हॅलोरंट'सारखा हलका गेम खेळत असेल आणि संगणक नवा घ्यायचा असेल, तर ज्याच्या पोटातच बरे ग्राफिक्स आहेत असा प्रोसेसर घ्यावा. एएमडीचा 'रायझन ५ ५६००जी' हा त्यातला. नावाच्या शेवटी 'जी' आहे ते बघा. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर उलटं. त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतातच, कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. पोटातले ग्राफिक्स संगणकाची साधी मेमरी वापरतात. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, पाईप दुप्पट होतो. फक्त २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या कारखान्यांनी जगातली मेमरी उचलायला सुरुवात केल्यानं पट्ट्यांचे भाव फार चढले, ते विचारूनच निघा.

आम्ही शेवटी काय घेतलं? 'आरटीएक्स ३०५०', पण ६ जीबीचं. इथंही जपूनच, कारण २०२२ चं ८ जीबीचं ३०५० वेगळं आहे. त्यात २५६० गणक आणि १३० वॅट. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या प्रकारात २३०४ गणक, पाईप १६८ जीबीचा, आणि वीज फक्त ७० वॅट. वेगळी वायर नको. नुसतं गुणांकन पाहिलं तर ते आरएक्स ६६०० च्या बरंच मागे आहे, आणि अनेक जाणकार त्याला नाकं मुरडतात. मुरडोत. त्यांच्या संगणकात आठ पिनांची वायर आहे. पहिल्या कार्डाच्या मानानं आमचा पाईप अकरा पटींहून मोठा झाला होता. सोळा-सतरा हजारांत कार्ड आलं, उरलेल्यात ८ जीबीची दुसरी पट्टी आली. या खेपेला जीएसटीचं पक्कं बिल घेतलं आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घेतला. वॉरंटी त्या नंबरावर असते. दुकानदार म्हणाला, "काका, एवढं कशाला?" मी म्हटलं, "मी बी.ए. आहे, मला लिहिलेलं लागतं."

दिग्रसला नेऊन भाच्यानं कार्ड बसवलं. संगणक सुरू केला तर पडदा काळा. माझ्या पोटात गोळा आला. बहीण दारात उभी, दुल्हेभाई हातातलं काम सोडून आलेले. पोरानं सगळं पुन्हा काढून बसवलं, तरी काळा. मग त्याच्याच लक्षात आलं. मॉनिटरची वायर अजून मदरबोर्डाच्या जुन्या जागेत होती, ती कार्डाच्या मागे लावायची असते. एवढी एक वायर बदलली आणि घोडा पळाला. थंडीच्या दिवसांत, बर्फातून, श्वासाची वाफ सोडत. दुल्हेभाई पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "घोड्याचे केस बरे दाखवलेत."

तरी गोष्ट तिथं संपली नाही. मार्च सुरू झाला आणि संगणक तापून गेम पुन्हा अडखळायला लागला. कार्ड फार तापलं की आपला वेग आपणच कमी करतं, जीव वाचवायला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीच चाळीसवर असते, तिथं पंखा थंड हवा आणणार कुठून? त्यात घरच्यांनी उपाय म्हणून कूलर थेट संगणकावर सोडला. हे अजिबात करू नये. कूलरची हवा दमट असते, ती धूळ चिकटवते आणि पुढे गंज आणते. कूलर खोलीला लावा, संगणकाला नाही. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

झाकण उघडलं तेव्हा खरं कारण दिसलं. कार्डाच्या दोन्ही पंख्यांवर आणि आतल्या जाळीवर पांढरी, मऊ, दाट गादी बसली होती. पुढच्या दुकानात पिंजलेल्या कापसाचा रेशा पडद्याच्या फटीतून वर्षभर आत येत होता. ज्यांची घरं जिनिंगजवळ आहेत त्यांच्याकडेही हेच होणार. दुल्हेभाईंनी गादी भरताना वापरायचा मऊ ब्रश आणला. मी वायर काढून घेतली, पंखे फिरू नयेत म्हणून बोटानं धरले, आणि त्यांनी पुलावाचा एकेक दाणा वेगळा करावा तसा रेशा काढला. आता दर जुम्याला दुकान बंद असतं तेव्हा बाप-लेक कॅबिनेट उघडून बसतात. तिथंच पिंजलेल्या कापसासाठी हवा आत येणाऱ्या बाजूला त्यांनी मच्छरदाणीची जाळी शिवून लावली आहे. ती महिन्यातून एकदा धुवावी लागते.